वाचनालयाचं चिटणीसपद घ्यावं का? तालुक्याच्या गावातल्या एका वकील ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या कोर्टात नऊ वर्षं दिवाणी वकिली झाली, आता कुठे जम बसतोय. गावातल्या शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाचे लोक म्हणतात, चिटणीस व्हा. त्याच बैठकीत कोणीतरी पुढचंही बोलून गेलं, की नगरपालिकेला प्रभाग महिलेसाठी सुटला तर उभ्या राहा. घरचे म्हणतात, वकिली मार खाईल. आणि तुम्ही विचारता, की यातून वकील म्हणून काही हाती लागतं का, की नुसत्या सत्काराच्या शाली जमतात.

शालींचं आधी सांगतो. माझ्याकडे चौदा आहेत आणि थंडीत एकही उपयोगाची नाही.

मी खान्देशातच, तालुका आणि जिल्हा अशा दोन्ही कोर्टांत, चौतीस वर्षं वकिली करतोय. त्यातली बावीस वर्षं एका वाचनालयाच्या आणि एका नाट्यसंस्थेच्या कार्यकारिणीत गेली, मधली पाच वर्षं नगरसेवक होतो. माझं मत विचाराल तर चिटणीसपद घ्या, पण वकीलपत्र दाराबाहेर ठेवून आत जा. नगरपालिकेचं दोन वर्षांनी बघा.

वकीलपत्र बाहेर ठेवा म्हणतो, कारण मी ते आत नेलं होतं आणि भर कोर्टात तोंडावर पडलो होतो. बत्तीस वर्षांचा होतो. वाचनालयाच्या तळमजल्यावर एक गाळा, भाडेकरू जुना, भाडं महिना पंचेचाळीस रुपये, तेही दोन वर्षं थकलेलं. मी नुकताच सहचिटणीस झालेलो, अंगात जोर. कार्यकारिणीला म्हटलं, दावा मी लावतो, फी नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दावा मीच लिहिला, वकीलपत्र माझंच, आणि पहिल्या खऱ्या तारखेला समोरून आप्पा उभे राहिले. आप्पा म्हणजे आमच्या बारचे, म्हणजे कोर्टातल्या वकील मंडळींतले, ज्येष्ठ, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांच्या हातात वाचनालयाची वर्गणीची पावती होती. पावतीच्या डोक्यावर कार्यकारिणीची नावं छापलेली आणि त्यात तिसरं माझं. ‘साहेब, वादीतर्फे हजर असलेले विद्वान वकील हेच वादी संस्थेचे सहचिटणीस आहेत,’ एवढं बोलून त्यांनी पावती आणि बार कौन्सिलच्या नियमांचं पुस्तक शिरस्तेदारांकडे दिलं.

वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे व्यावसायिक आचरणाचे नियम आहेत, त्यातला आठवा काढून वाचा. ज्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर वकील आहे, त्या संस्थेच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याला कोणत्याही कोर्टापुढे, न्यायाधिकरणापुढे वा अन्य प्राधिकरणापुढे उभं राहता येत नाही. समितीला नाव काहीही असो, कारभार तिच्या हाती असला की झालं. मी म्हणालो, ‘साहेब, मी फी घेत नाही.’ आप्पांनी शांतपणे पुढची ओळ वाचून दाखवली. बिनफीची सवलत आहे, पण ती बार कौन्सिल, बार असोसिएशन असल्या वकिलांच्या संस्थांपुरती. वाचनालय त्यात बसत नाही. मला तिथल्या तिथे वकीलपत्र मागे घेण्याचा अर्ज लिहावा लागला आणि तो लिहिताना पेन दोनदा घसरलं.

नंतर व्हरांड्यात आप्पांनीच चहा मागवला. म्हणाले, ‘अरे, वकील म्हणून तू उभा राहिलास, मग साक्षीच्या पिंजऱ्यात कोण उभं राहील? भाडं कोण घेत होतं, पावती कोण फाडत होतं, हे सांगायला चिटणीसच लागतो ना?’ नियमामागचं कारण मला त्या चहाच्या कपात कळलं. संस्थेचा पदाधिकारी हा संस्थेचा साक्षीदार असतो. दोन्ही टोप्या एका डोक्यावर बसत नाहीत.

तेव्हा चिटणीस झालात की वाचनालयाच्या प्रकरणांना बाहेरचा वकील द्या आणि त्याची फी ठरवून द्या. बिनफीचा वकील तारखेला येत नाही आणि आपल्याला त्याला काही बोलताही येत नाही. तुम्ही मसुदा वाचा, कागद जुळवून द्या, कोर्टात मागच्या बाकावर बसा. आणखी एक. पगारी पूर्णवेळ पद कोणी देऊ केलं तर ते घेता येत नाही, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी लागते. मानद पद असू द्या.

आता पद घेण्याआधीची गोष्ट, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. ‘मला वाचनालयात काय करायचं असतं?’ असं तुम्ही लिहिलंय. ग्रंथखरेदी, व्याख्यानमाला, दिवाळी अंकांची योजना हे करणारे लोक गावात असतात, आणि ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतात. वकिलाचं काम लोखंडी पेटीत असतं.

आमची पेटी कार्यालयाच्या माळ्यावर होती. शिपाई आबांनी ती खाली उतरवली तेव्हा वर बोटभर धूळ आणि आत वाळवीची माती. त्यात घटनेची हस्तलिखित प्रत, जागेचं बक्षीसपत्र, सभांची इतिवृत्तं आणि सार्वजनिक संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा, म्हणजे पी.टी.आर.चा उतारा. उताऱ्यावर नऊ विश्वस्त. मी नावं मोठ्याने वाचत गेलो आणि आबा प्रत्येक नावाला ‘गेले’, ‘गेले’ म्हणत गेले. एकाच्या बाबतीत म्हणाले, ‘ते तर बहात्तरच्या दुष्काळात गेले भाऊ.’ नवांपैकी सात वारलेले. दर तीन वर्षांनी निवडणूक होत होती, हार पडत होते, वर्तमानपत्रात फोटो येत होते, आणि सरकारदरबारी संस्था सात स्वर्गवासी माणसं चालवत होती.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याचं कलम २२ सांगतं, की नोंदवहीतल्या कुठल्याही बाबीत बदल झाला की ९० दिवसांच्या आत तो कळवायचा. यालाच आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. विश्वस्त बदलले, कळवा. जागा मिळाली, कळवा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या संस्था सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० आणि हा विश्वस्त कायदा अशा दोन्हींखाली नोंदलेल्या असतात, त्यामुळे कार्यकारिणी बदलली की दोन्हीकडचे कागद लागतात. ते कोणी करत नाही, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत.

न केल्याचा भुर्दंड कुठे बसतो? आमच्या त्या गाळ्याच्या दाव्यातच बसला. भाडेकरूला नोटीस द्यायची तर विश्वस्तांनी मिळून द्यायला हवी, अशी हरकत समोरून येतेच. आम्ही नोटीस दिली कार्यकारिणीने, आणि नोंदीत विश्वस्त भलतेच. दाव्याचं कारण खरं, थकबाकी खरी, तरी पहिला दावा मागे घेण्याची पाळी आली. मग मी मागच्या सगळ्या निवडणुकांचे चेंज रिपोर्ट तयार करायला बसलो. प्रत्येकासाठी सभेची नोटीस, हजेरीपट, इतिवृत्त, नव्यांची संमती, जुन्यांचे राजीनामे नाहीतर मृत्यूचे दाखले, आणि उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज. मृत्यूच्या दाखल्यांसाठी सात घरी गेलो. एका घरी म्हातारीने विचारलं, ‘इतक्या वर्षांनी यांची आठवण कशी झाली रे तुम्हाले?’ काय उत्तर देणार? चौदा महिने लागले. मधे एका जुन्या गटाने हरकत घेतली, तीही झेलली. तो सगळा उपद्व्याप माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही निकालापेक्षा वाचनालयाला जास्त उपयोगी पडला असं मी अजून मानतो.

दुसरं कलम ३६. संस्थेची स्थावर मिळकत विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत किंवा बिनशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरीही लागते. तुमच्या वाचनालयाला गच्ची आहे का? मग मोबाइल टॉवरवाला कधी ना कधी येणारच. नऊ वर्षांचा छापील करार, महिन्याला आकडा चांगला, आणि अध्यक्ष म्हणतील, ‘ताई, सही करी द्या, मंग देखसूत.’ ते ‘मंग’ म्हणजे तुमची जबाबदारी. कर्जासाठीही अशीच परवानगी लागते, हे तर कित्येक संस्थांच्या गावीही नसतं.

पैशांचं थोडक्यात. प्राप्तिकराची १२अ (संस्थेच्या उत्पन्नाला सवलत) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) नोंदणी आता मुदतीची झाली आहे, एकदा काढली की जन्माची झाली असं राहिलेलं नाही. दोन हजारांच्या वर रोख देणगी दिली तर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, म्हणून चेक मागा. शासनाचं अनुदान महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार येतं. तपासणीच्या वेळी रजिस्टरं भरलेली लागतात. हे ग्रंथपाल बघतात, तुम्ही वर्षातून एकदा बघा.

तुम्ही आणखी एक विचारलंय, की पूर्वी वकील मंडळी या संस्थांमध्ये एवढी का असायची. खान्देशात तर फारच. धुळ्याचं उदाहरण घ्या. समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून गोळा करणारे शंकर श्रीकृष्ण देव पेशाने वकील. सत्कार्योत्तेजक सभा त्यांनी १८९३ मध्ये काढली, पुढे श्री समर्थ वाग्देवता मंदिर उभं केलं आणि ती बाडं तिथे ठेवली. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले. आयुष्यभर पायपीट करून जमवलेलं त्यांचं दप्तर वाऱ्यावर जायला वेळ लागला नसता. लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं आणि ते उभं करण्यात भास्कर वामन भट हे धुळ्याचे वकील पुढे होते. भट स्वतःही इतिहासाचे अभ्यासक, हे खरं. पण अभ्यासक तर त्या काळी गावोगाव होते. किती जणांचे कागद रद्दीत गेले आणि राजवाड्यांचे राहिले, यात जागा कोणाच्या नावावर, किल्ली कोणाकडे, पुढचा विश्वस्त कसा नेमायचा हे लिहून ठेवणाऱ्या माणसाचा वाटा आहे, असं माझं वकिली मत.

अर्थात आमच्या वकील जमातीचं कौतुक मी आवरतं घेतो. वकील असायचे कारण वकील मोकळे असायचे. कोर्ट पाचला सुटायचं, खेड्यापाड्यांतली पक्षकार मंडळी ओळखीची, आणि भाषण ठोकायला कोणी भीत नव्हतं. काही जण अध्यक्षपदाला असे चिकटले की संस्थेचं नाव मागे आणि त्यांचं पुढे झालं. पंचवीस-पंचवीस वर्षं एकच माणूस अध्यक्ष असलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मागे चेंज रिपोर्टचा प्रश्नच नसायचा, कारण चेंज नव्हताच.

आणि मोठं काही या मातीत होत नाही असं समजू नका. बालकवींना ‘बालकवी’ ही पदवी जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात मिळाली. साहित्य संमेलन अमळनेरला १९५२ मध्ये झालं आणि मग बहात्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा झालं, तेव्हा यजमान होतं अमळनेरचंच मराठी वाङ्मय मंडळ. असल्या मोठ्या कार्यक्रमाच्या व्यासपीठावर कोण होतं हे लोकांना आठवतं. पण मांडववाल्याचा करार, पाऊस आला तर पैसे कोणाचे, ध्वनिक्षेपकाची परवानगी, नाटकाच्या प्रयोगासाठी लेखकाची लेखी संमती, हे कुठल्याही कार्यक्रमामागे कोणीतरी मान खाली घालून करत असतं. आमच्या नाट्यसंस्थेत स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कळलं, की लेखकाची परवानगी ‘फोनवर झालीय’. फोनवर काय झालंय हे आयोजकांना दाखवता येत नाही. आमचा पोऱ्या रात्रीच्या गाडीने पुण्याला पाठवून पत्र आणवलं. तालमीपेक्षा त्या रात्री जास्त घाम गेला.

नगरपालिकेचं सांगतो. तुम्ही महिला आहात म्हणून जागा सुटेल, निवडून याल, हे सगळं शक्य आहे. राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. प्रतिभाताई पाटील जळगावच्या कोर्टात वकिली करत होत्या आणि १९६२ ला सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या, पुढे २००७ ला राष्ट्रपती. तेव्हा घरचे घाबरतात म्हणून मागे राहू नका. पण हिशेब करून जा.

नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम आणि महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम, दोन्हींत सदस्याच्या अपात्रतेच्या तरतुदींत वकिलांचा वेगळा विचार केलेला आहे. सार एवढाच, की पालिकेशी संबंध असलेल्या प्रकरणात वकिली केली तर सदस्यत्व जाऊ शकतं. स्वतःचा किंवा भागीदारीचा पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असला तरी तेच. आता तुमच्या ऑफिसातल्या फायली काढून बघा. तालुक्याच्या गावात अतिक्रमणाची नोटीस, घरपट्टीचा वाद, बांधकाम पाडण्याला मनाई, गाळ्यांचे लिलाव, हाच दिवाणी वकिलाचा रोजचा भात असतो. मी निवडून आलो तेव्हा माझ्याकडे अशा अकरा फायली होत्या. अकराच्या अकरा ना-हरकत देऊन दुसऱ्यांकडे सोपवल्या. पाच वर्षांनी त्यातले तीन पक्षकार परत आले, बाकीचे रामराम घालतात. म्हणून म्हणालो दोन वर्षं थांबा. या दोन वर्षांत वारसा, वाटणी, मोटार अपघात, ग्राहक आयोग असलं काम वाढवा, म्हणजे पालिकेच्या फायली सोडल्या तरी चूल पेटती राहील.

सभागृहात वकिलाचा उपयोग कुठे होतो, तर ‘ऐनवेळचे विषय’ या दोन शब्दांपाशी. विषयपत्रिका सतरा विषयांची येते, ती सगळे वाचतात. जेवणाची वेळ झाली, लोक घड्याळ बघायला लागले, की अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय येतो आणि ‘मंजूर, मंजूर’ होतं. दुसऱ्या महिन्यात इतिवृत्त कायम करताना कळतं की आपण एक भूखंड देऊन बसलोय. मी एकच सवय लावून घेतली होती. टिपणी, म्हणजे विषयाचा लेखी तपशील, हातात आल्याशिवाय हात वर करायचा नाही, आणि विरोध असेल तर इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्यायचा, तोंडी नाही. पहिल्या वर्षी लोक हसले. मला ‘टिपणीवाला’ म्हणायचे. तिसऱ्या वर्षी एक ठराव जिल्हाधिकाऱ्यांपुढे नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली गेला आणि स्थगित झाला, तेव्हा ज्यांनी हात वर केले होते त्यातले दोघे रात्री माझ्या घरी इतिवृत्ताची नक्कल मागायला आले. दोघेही खूप घामाघूम होते. बाहेर मे महिना होता, हेही खरं.

बारीकसारीक दोन गोष्टी. ऑफिसच्या पाटीवर ‘चिटणीस, अमुक वाचनालय’ लिहू नका. बार कौन्सिलचा छत्तिसावा नियम पाटीवर किंवा लेटरहेडवर असल्या संस्थांच्या संबंधाचा उल्लेख करू देत नाही. आपल्याकडे निम्म्या पाट्या तो नियम मोडून उभ्या आहेत, पण तुमची नको. आणि ज्या कोर्टात तुमची रोज कामं चालतात त्या न्यायाधीशांना वाचनालयाच्या कार्यक्रमाचे पाहुणे म्हणून बोलावू नका. ते येतील, चांगलं बोलतीलही. पण दुसऱ्या दिवशी तुमच्या बाजूने साधा तहकुबीचा हुकूम झाला तरी समोरचा पक्षकार पारावर बसून काय बोलेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वेळेचं विचारलंत. आठवड्याच्या दोन संध्याकाळी जातात, निवडणुकीच्या आणि हिशेबाच्या महिन्यात चार. माझ्या पक्षकारांना बुधवार-शनिवार मी नसतो हे पाठ झालं होतं. नवीन कामं या ओळखीतून येतात का? येतात, पण जी येतात त्यातली निम्मी ‘साहेब आपलेच आहेत’ म्हणून फुकटातली असतात. त्याचा हिशेब धरू नका. मिळतं ते वेगळंच. परक्याच्या भांडणात तुम्ही कागद वाचता, इथे आपल्याच माणसांच्या भांडणात वाचावा लागतो. दोन्ही गट तुमचेच मित्र, दोघांकडे भरीत-पुरी खाल्लेली, आणि इतिवृत्तातली एक ओळ कोणाची हे तुम्हाला ठरवायचं. तो सराव कुठलं कोर्ट देत नाही. मसुदा लिहिताना हात बदलतो, मी तो बदललेला पाहिलाय.

आता काय करायचं ते. संमतीपत्रावर सही करण्याआधी सोमवारी धर्मादाय कार्यालयात जा आणि वाचनालयाच्या पी.टी.आर.च्या उताऱ्याची प्रमाणित नक्कल काढा. संस्थेचा नोंदणी क्रमांक पावतीपुस्तकावर मिळेल. मग कार्यकारिणीकडे घटना, शेवटच्या तीन निवडणुकांची इतिवृत्तं आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. देताना कोणाचं तोंड वाकडं झालं तर तेही टिपून ठेवा. उताऱ्यावर जिवंत किती आणि गेलेले किती ते मोजा. निम्म्याहून जास्त गेलेले असतील तर सही करताना अट घाला, की पहिल्या सहा महिन्यांत चेंज रिपोर्ट जाणार आणि त्याचा खर्च संस्था करणार, आणि ती अट पहिल्याच सभेच्या इतिवृत्तात घ्या.

कागद घेऊन एखाद्या रविवारी माझ्याकडे या. घटनेची मूळ प्रत जुनी असेल तर झेरॉक्सवाल्याच्या हातात देऊ नका, घडीवर तुटते. मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढून आणा.